अज्ञात फळ

आमच्या घरी फळांची एक यादी आहे. १९७९ सालच्या चातुर्मासात आईने लीलोतीची मर्यादा घेतली, म्हणजे यापुढे आयुष्यभर कोणत्या हिरव्या भाज्या आणि कोणती फळे घ्यायची ते ठरवून बाकी सर्वांचे पच्चक्खाण केले. दुकानातल्या एका जुन्या खतावणीच्या शेवटच्या पानावर ती ४१ नावे तिने स्वतःच्या हाताने लिहिली. त्यात पेरू आहे, पपई आहे, चिकू आहे. किवी नाही, ड्रॅगन फ्रूट नाही. आणि ज्या फळासाठी मी गेली सात वर्षे मुळशी तालुक्यातील माले या गावी माती उपसतो आहे, ते अ‍ॅव्होकाडोही अर्थातच नाही. १९७९ साली ते आमच्या पेठेत कोणाला ठाऊक होते?

माले हे पौडच्या पुढे, ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. मुळशीचा जलाशय जवळच आहे. दुकान मुलाच्या हाती सोपवल्यावर आम्ही तिथे लहानसे घर बांधले. जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. पौषातल्या पहाटे धुके इतके दाट उतरते की कुंपणाचा दरवाजा दिसत नाही, आणि आईला दोन शाली लागतात. अशा थंड हवेत काय लावावे, हा विचार चालू असताना सूनबाईंनी एके दिवशी पुण्याहून दोन अ‍ॅव्होकाडो आणले. एकेका फळाची किंमत ऐकून माझ्यातला व्यापारी जागा झाला. ही फळे टांझानियातून, न्यूझीलंडमधून आपल्याकडे येतात; मग मालेच्या अंगणात का येऊ नयेत?

मी चौकशीला लागलो. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या डोंगरातले हे झाड. त्याचा मेक्सिकन वंश थंडी सर्वांत जास्त सोसतो, आणि बाजारात ज्याचा बोलबाला आहे ते ‘हॅस’ वाणही उणे २ अंशांच्या आसपासपर्यंत तग धरते. मालेत पारा त्याच्या जवळपासही जात नाही. माझे समाधान झाले. आज मागे वळून पाहताना स्वतःचेच नवल वाटते: चाळीस वर्षे व्यापार केलेल्या माणसाने थंडीची एवढी बारीक चौकशी केली आणि पावसाची केलीच नाही.

खरी परवानगी घ्यायची होती ती आईची. तिने पहिला प्रश्न विचारला, “याला काय म्हणतात?” सूनबाईंनी भोळेपणाने सांगितले, “बटर फ्रूट, आई.” झाले! मद्य, मांस, मध आणि माखण या चार महाविगयींत ज्याची गणना होते, त्याचेच नाव धारण करून हे फळ आमच्या उंबऱ्यावर आले होते. नावावरून काही ठरत नाही, हे आईला मी समजावून सांगितले आणि तिने ते मान्यही केले. पण तिचा दुसरा आक्षेप नावाचा नव्हता. “बावीस अभक्ष्यांत अज्ञात फळही आहे. हे अज्ञातच नाही का?”

वंकचूलाची कथा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. न ओळखीचे फळ खायचे नाही, एवढ्या एका नियमामुळे तो वाचला आणि किंपाक फळे खाणारे त्याचे साथीदार रानातच मरून पडले. आई ही कथा नातवंडांना अजूनही रंगवून सांगते. तिच्यापुढे ‘सगळे जग खाते’ हा युक्तिवाद चालणार नव्हता. वंकचूलाच्या साथीदारांनीही तोच केला असेल. फळ अज्ञात असेल तर ते ज्ञात करून घेणे, एवढाच मार्ग होता.

म्हणून मी आईच्या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो. बी किती? एकच, लिंबाएवढे मोठे. म्हणजे बहुबीज नव्हे. जमिनीत कंद? नाही, फळ फांदीवर लोंबते. मग प्रश्न आला कुळाचा, आणि तिथे मला जे सापडले त्याने मी स्वतःच थक्क झालो. अ‍ॅव्होकाडो हे दालचिनी, तमालपत्र आणि कापूर यांच्या कुळातले झाड आहे. आमचे दुकान आधी भवानी पेठेत आणि नंतर मार्केट यार्डात, मसाल्याचे. माझ्या आजोबांपासून आम्ही दालचिनी आणि तमालपत्र तोलत आलो. मेक्सिकन वंशाच्या अ‍ॅव्होकाडोचे पान चुरगळले तर त्याला बडीशेपेसारखा वास येतो. ते सगळे ऐकून आई हसली. “म्हणजे आपल्याच दुकानातल्या घराण्यातले निघाले. ओळख पटली. लाव. पण झाडासाठी विष आणणार नाहीस, एवढे मला सांग.”

मी सांगितले.

पहिली सहा कलमे मी जूनच्या आरंभी लावली. बी रुजवून झाड वाढवता येते, पण त्याला फळ येण्यास आठ-दहा वर्षे किंवा त्याहून अधिक लागतात, आणि फळ मूळ झाडासारखे निघेलच याचा भरवसा नसतो, म्हणून कलमे. खड्डे खोल घेतले, शेणखत भरले. आमचा भूखंड पूर्वी भाताचे खाचर होता. सपाट, चहूबाजूंनी बांध, अंगणासाठी आयती जागा. बागेची देखभाल करणारे गावातले मामा काठीला टेकून सगळे पाहत होते. ते म्हणाले, “शेठ, खाचरात आंबा लावतं का कुणी?” मी म्हणालो, “मामा, हा आंबा नाही.” त्यांनी पुढे वाद घातला नाही.

मालेचा पाऊस पुण्यातल्या वाचकाला शब्दांनी सांगून कळायचा नाही. पुण्यात वर्षभरात पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस इथे चार महिन्यांत कोसळतो. त्याच पावसासाठी टाटांनी इथे धरण बांधायला घेतले; १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालेच, गावे आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेली, आणि ते पाणी आजही डोंगराच्या पोटातून कोकणाच्या बाजूला भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाते. मामांच्या आजोबांचे शेत जलाशयाच्या तळाशी आहे. पाणी काय करू शकते, हे त्या घराला कोणी शिकवायला नको होते.

श्रावणात पावसाने चार दिवस उघडीप दिली आणि माझ्या कलमांची पाने माना टाकल्यासारखी लोंबू लागली. मला वाटले, तहान. मी पाणी घालायला लावले. मामा म्हणाले, “तहानेनं न्हाई शेठ, बुडून मरतंय झाड.” मी ऐकले नाही. आठवड्याभरात दोन कलमे वाळली. त्यांतले एक उपटले तर बुंध्याशी वाळवी. आता मला अपराधी सापडला होता. शहरातल्या एका दुकानातून वाळवीचे औषध आणले. त्याला आपण औषध म्हणतो. पर्युषणाला दोन दिवस उरले होते. सहाही आळ्यांत ते ओतायला मी मामांना सांगितले नाही. माझ्या हाताने ओतले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आळ्यांभोवती गांडुळे वर आली होती. किती, ते मी मोजले नाही. काही अजून वळवळत होती, बहुतेक थांबली होती. वाळवी एखाददुसरीच दिसली. मामा काही बोलले नाहीत. फावडे घेऊन आले आणि मातीचा पातळ थर वर पसरून निघून गेले. मी त्याच दिवशी पर्युषणासाठी पुण्याला आलो.

आठही दिवस व्याख्यानाला गेलो. घरी कोणाला काही बोललो नाही. संवत्सरीच्या प्रतिक्रमणात पंधरा कर्मादानांची नावे येतात. वर्षानुवर्षे ती माझ्या कानांवरून जात आली आहेत. अंगारकर्म, वनकर्म, दंतवाणिज्य. आपण तर मसाल्याचे व्यापारी, यांतले आपले काय, असे मनात कुठेतरी असायचे. त्या संध्याकाळी ‘विषवाणिज्य’ हा शब्द आला आणि मी पुढचे काही ऐकू शकलो नाही. विष मी विकले नव्हते, विकत घेतले होते. हिशेबाच्या दोन बाजूंपैकी दुसरी बाजू माझी होती.

प्रतिक्रमणानंतर खमतखामणा करताना आईच्या पायांशी बसून तिला सगळे सांगितले. तिने विचारले, “आणि झाडे?” मी म्हणालो, “तीही जातील असे दिसते.” ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पारणे केले नाही; उपवास एक दिवस वाढवला. कशासाठी ते तिने सांगितले नाही आणि विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

दिवाळीपर्यंत सहाही कलमे गेली. माझ्या मुलीचे सासरे कोडगूत मिरी आणि वेलदोड्याचा व्यापार करतात. तिकडे कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी आणि फळासाठी अ‍ॅव्होकाडोची झाडे फार पूर्वीपासून आहेत. चेट्टळ्ळी येथे सरकारी संशोधन केंद्रही आहे. व्याहीसाहेब दिवाळीनंतर आले, तेव्हा मी त्यांना आमची स्मशानभूमी दाखवली. त्यांनी हाताने माती बाजूला केली आणि मुळे दाखवली. निरोगी अ‍ॅव्होकाडोची बारीक मुळे पांढरट असतात. ही काळी, ठिसूळ झाली होती, बोटात धरताच तुटत होती. “वाळवी मेलेल्या लाकडावर आली,” ते म्हणाले. “झाड त्याआधीच गेले होते.”

अपराधी पाणी होते, आणि पाण्यात वाढणारा एक बुरशीसारखा जीव. अ‍ॅव्होकाडोची मुळे उथळ. अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळे वरच्या फूटभर मातीतच असतात आणि त्यांना हवा लागते. माती तुंबली की ती गुदमरतात, आणि मग हा जीव, ज्याचे बीजाणू शेपटीच्या साहाय्याने ओल्या मातीतून अक्षरशः पोहत जातात, त्या मुळांत शिरतो. मुळे कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही. म्हणून भरपूर पाण्यात उभे राहून ते तहानल्यासारखे दिसते. मी त्या तहानेवर पाणी घातले होते. या जीवाचे शास्त्रीय नाव फायटॉफ्थोरा सिनॅमोमी. यातला दुसरा शब्द दालचिनीवरून आला आहे, कारण १९२२ साली सुमात्रा बेटावरील दालचिनीच्या झाडांवर तो प्रथम वर्णिला गेला. आजोबांपासून जिच्यावर आमचे घर चालले, तिच्याच नावाने तो आमच्या अंगणात आला होता. जगातले हॅसचे मूळ झाडही त्याच्यातून सुटले नाही. कॅलिफोर्नियातील रुडॉल्फ हॅस नावाच्या पोस्टमनने ते वाढवले, १९३५ साली त्याचे पेटंट घेतले. २००२ साली ते झाड तोडावे लागले, तेही मूळकुजीनेच.

उपाय विचारला, तेव्हा व्याहीसाहेबांनी बाटलीचे नाव घेतले नाही. ते म्हणाले, “झाड पाण्याच्या वर उचला.”

पुढच्या वर्षी आम्ही पाच ढिगारे केले, प्रत्येक अडीच-तीन फूट उंच आणि आठ फूट रुंद. खाचराचा एक बांध फोडून पाण्याला ओढ्याकडे वाट दिली. माती उपसताना जीवहिंसा होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून काम पावसाळा संपून जमीन वाफशावर आल्यावर, हळूहळू, कुदळीचा घाव बेताने घालत केले. पंधरा दिवसांचे काम दीड महिना चालले. मामांना ही रीत विचित्र वाटली, पण मजुरी दिवसाची होती, त्यामुळे त्यांनी ती सहन केली.

ढिगाऱ्यावर खड्डा न घेता कलम वरवरच बसवले आणि भोवती वाळक्या पानांचा वीतभर थर दिला, बुंध्यापासून मात्र हातभर दूर. पानांचा थर कुजतो तशी त्यात असंख्य सूक्ष्म जीवांची वस्ती वाढते आणि ती त्या मूळकुजीला डोके वर काढू देत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्येही एका बागाईतदाराने असाच जाड आच्छादनाचा मार्ग अवलंबून आपली बाग राखली होती. त्याने त्यात कोंबडीखत वापरले; आम्ही पांजरापोळातले शेणखत. पानांसाठी मात्र मामांशी तंटा झाला. इथे भाताचे रोप टाकण्यापूर्वी पालापाचोळा पसरून राब भाजतात, आणि मी रानातला पाला उचलला तर त्यांच्या राबाला काय उरणार? शेवटी ठरले की माझ्या आवारातला पाला माझा, रानातला त्यांचा. आई म्हणाली, “बरे झाले, निदान एवढा पाला तरी आगीतून सुटला.” मामांना हे ऐकू गेले नाही, हे उत्तम.

पावसाळ्यात गोगलगायी येत. कोवळ्या पानांवर रात्रीत चाळणी करत. गावात त्यावर मीठ टाकतात. आम्ही पहाटे विजेरी घेऊन त्या टोपलीत वेचायचो आणि ओढ्याच्या पलीकडे सोडायचो. सूनबाई म्हणतात, त्याच गोगलगायी परत येतात. येत असतील. उन्हाळ्यात बुंध्यांना चुना लावला, कारण या झाडाची साल उन्हाने भाजते. आणि एक गोष्ट ज्या घरी गाय-वासरू आहे त्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी: अ‍ॅव्होकाडोचा पाला गुरांना, शेळ्यांना आणि घोड्यांना विषारी आहे. आमचे कुंपण फळे राखण्यासाठी नाही, गावच्या गाई राखण्यासाठी आहे. छाटलेली फांदीही आम्ही बाहेर टाकत नाही.

पाचांपैकी दोन कलमे पहिल्याच पावसात गेली. कारण कळले नाही. मुळे पांढरी होती. तीन राहिली.

चौथ्या वर्षी माघात हॅसला मोहर आला. आंब्याच्या मोहराची सवय असलेल्या डोळ्यांना तो हिरवट आणि मिणमिणता वाटतो, पण त्याची व्यवस्था विलक्षण आहे. प्रत्येक फूल दोनदा उमलते. पहिल्या दिवशी स्त्रीफूल म्हणून उमलते आणि मिटते; दुसऱ्या दिवशी पुरुषफूल म्हणून पुन्हा उघडते. हॅसच्या गटातली झाडे सकाळच्या पाळीत स्त्रीफुले उघडतात, दुसऱ्या गटातली दुपारच्या पाळीत. म्हणून दोन्ही गटांची झाडे जवळ असली तर देवाणघेवाण चांगली जमते. गार रात्रींत हे वेळापत्रक कोलमडते. थंडीचा खरा उपद्रव झाड मारण्यात नसून इथे आहे, हे मला तेव्हा उमगले. पूर्ण वाढलेल्या झाडावर लाखोंनी फुले येतात आणि हजारात एकाचेही फळ होत नाही. आमची पहिल्या वर्षीची सारी फुले गळाली. मधमाश्यांची पेटी ठेवण्याची सूचना एकाने केली, पण मधाचा प्रश्न उपस्थित होताच ती मागे पडली. पुढच्या वर्षी रानातल्या सातेरी माश्या आपणहून आल्या. आळ्यांत ओतलेले ते विष मला त्या दिवशी पुन्हा आठवले.

त्या वर्षी पाच फळे धरली. एक आषाढातल्या वाऱ्याने पडले, एक खारीने नेले. उरलेली तीन पावसाळाभर झाडावर होती. हे फळ झाडावर पिकत नाही; तोडल्यानंतरच मऊ होते. चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर आम्ही ती उतरवली आणि मामांनी आंब्यासारखी भाताच्या पेंढ्यात आढी घातली. आठव्या दिवशी हिरवी साल जांभळट काळी पडली.

आई त्या दिवशी मालेत होती. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे बी काढल्यावर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, गेल्याशिवाय फळ वापरायचे नाही. पण हे फळ चिरताच काळवंडू लागते, म्हणून सूनबाईंनी त्यावर लिंबू पिळून झाकण ठेवले. सामायिकही ४८ मिनिटांचेच. आई मुहपत्ती बांधून आसनावर बसली. मी धीर करून आधीच विचारले होते, “आई, खतावणीत याचे नाव घालायचे का?” ती म्हणाली, “चोपडी बंद झाल्यावर मागाहून ओळ घालतोस का तू?”

सामायिक पाळून ती आली, झाकण काढले, वाटी नाकाशी नेऊन वास घेतला आणि मामांच्या नातीपुढे धरली. पोरीने चमचाभर खाऊन तोंड वाकडे केले. “लोण्यावानी लागतंय. पन मीठ न्हाई.”

“लोणी म्हणू नकोस गं,” आई म्हणाली आणि मिठाची वाटी पुढे सरकवली.

धुतलेले बी तिने मामांच्या हातावर ठेवले. ते रुजेल की नाही, रुजले तर फळ कसे येईल, कोणास ठाऊक. मी तसे म्हणालोही. मामा बी घेऊन बाहेर निघाले, तेव्हा आई दारापर्यंत गेली.

“मामा, खाचरात नको हं.”

“न्हाई आईसाहेब,” मामा म्हणाले, “ते शेठला सांगा.”